पहिल्या श्वासाची तयारी

आईच्या पोटात बाळाला श्वासासाठी तोंडाची गरज नसते. नाळेतून येणारं रक्त त्याला प्राणवायू पुरवतं, फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, आणि तोंडात मुठीएवढी गाठ असली तरी त्यापायी त्याचा प्राणवायू अडत नाही. नाळ कापली की हे सगळं बदलतं. हवा आत जायला वाट नसेल, तर काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. गर्भाच्या तोंडातल्या गाठी अतिशय दुर्मीळ असतात आणि त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. कित्येक गाठी एका शस्त्रक्रियेने कायमच्या जातात. म्हणजे ज्या दोषाने बाळ दगावण्याचं कारण नाही, त्याच दोषाने ते जन्मताच गुदमरू शकतं, आणि तेही बाळंतपणाच्या खोलीत कुणाला कल्पना नव्हती एवढ्यासाठी. आधी कळलं तरी फारसं काही करता येत नाही, असे आजार वैद्यकात पुष्कळ आहेत. हा तसा नाही. इथे आधी कळणं हाच अर्धा उपचार आहे, आणि त्यासाठी लागणारं सोनोग्राफीचं यंत्र कोल्हापुरात, इचलकरंजीत, गडहिंग्लजला आहे. उणीव आहे ती गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या तोंडाकडे मुद्दाम पाहण्याच्या सवयीची, आणि जे दिसलं त्यावरून बाळंतपण कुठे करायचं हे वेळेत ठरवण्याची.

या गाठी एकाच जातीच्या नसतात, आणि निदानाचं सगळं मोल त्यांच्यातला फरक ओळखण्यात आहे. सर्वांत गंभीर प्रकाराला एपिग्नॅथस म्हणतात. टाळूतून किंवा घशाच्या वरच्या भागातून वाढणारी ही टेराटोमा जातीची गाठ. शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची क्षमता असलेल्या आरंभीच्या पेशींपासून ती तयार होते, म्हणून तिच्यात त्वचा, चरबी, कूर्चा, हाड, कधी मेंदूसारखी ऊतीही सापडते. नवजात बाळांत टेराटोमा बहुधा माकडहाडापाशी आढळतो. तोंडात तो फारच क्वचित. ३५ हजार ते २ लाख जन्मांत एक, असं त्याचं प्रमाण वैद्यकीय ग्रंथांत दिलेलं असतं. तो तोंडातून बाहेर लोंबू शकतो, जबडा वाढू देत नाही, आणि काही वेळा कवटीच्या तळातून मेंदूच्या दिशेने पसरतो. दुसरा प्रकार एप्युलिस. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट नॉयमन यांनी १८७१ मध्ये त्याचं वर्णन केलं. ही गाठ हिरडीवर, बहुतेकदा वरच्या हिरडीच्या पुढच्या भागावर, देठाने लटकलेली असते. गोल, गुळगुळीत आणि पूर्णपणे निरुपद्रवी पेशींची. ती मुलींमध्ये मुलांच्या आठ ते दहा पट अधिक दिसते. काढल्यावर परत येत नाही, आणि लहान असेल तर काही वेळा आपोआप आक्रसते. तिसरा प्रकार लसीकावाहिन्यांच्या विकृतीचा. जिभेत, तोंडाच्या तळाशी किंवा मानेत पाण्याने भरलेल्या अनेक पोकळ्यांचं जाळं तयार होतं. याशिवाय जिभेखाली लाळेचा फुगा येऊ शकतो, रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. आणि काही वेळा जी गाठ वाटते ती गाठच नसते. एखाद्या जनुकीय विकारात जीभच मोठी असते, किंवा कवटीच्या तळाला राहिलेल्या छिद्रातून मेंदूचं आवरण तोंडात उतरलेलं असतं. यातल्या प्रत्येकाचं भवितव्य वेगळं. तेव्हा ‘बाळाच्या तोंडात गाठ आहे’ एवढंच वाक्य सांगून आईवडिलांना घरी पाठवणं हे अर्धवट निदान झालं, आणि अर्धवट निदानाने नुसती भीती वाढते.

सोनोग्राफीत हे दिसतं कसं? ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ज्या निबंधातून वैद्यकातल्या सोनोग्राफीचा पाया घातला, त्यामागे धातूतला दोष शोधण्याचं कारखान्यातलं यंत्र होतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांना हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही: ध्वनिलहर सोडायची, ती कुठून आणि कशी परत येते ते पाहायचं, आणि आतल्या पोकळीचा, भेगेचा, गुठळीचा अंदाज घ्यायचा. गर्भाच्या चेहऱ्याचं चित्र समोरून घेतलं की नाक आणि ओठ दिसतात, बाजूने घेतलं की कपाळ, नाक, ओठ आणि हनुवटीची रेषा दिसते, आडवं घेतलं की वरच्या हिरडीची कमान दिसते. ओठ मिटलेले नाहीत, तोंड सतत उघडं आहे, आणि मध्ये काहीतरी आहे, हे कळायला एवढी चित्रं पुरतात. मग पुढचे प्रश्न. एपिग्नॅथस मिश्र दिसतो. काही भाग घन, काही पाण्याचा, मध्येच चुन्याचे चमकणारे ठिपके. एप्युलिस एकसारखा घन आणि हिरडीला चिकटलेला. लसीकेच्या पोकळ्यांत पातळ पडदे दिसतात आणि आत रक्तप्रवाह नसतो. कलर डॉपलरने गाठीला रक्त कुठून मिळतं ते कळतं, शिवाय बाळ श्वासासारखी हालचाल करतं तेव्हा त्याच्या नाकातून गर्भजल आतबाहेर होताना दिसतं. हे शेवटचं निरीक्षण फार मोलाचं, कारण पाण्याला वाट असेल तर पुढे हवेलाही ती मिळण्याची आशा असते.

आणखी एक खूण तोंडापासून दूर असते. प्रत्येक सासूला आणि आईला ठाऊक असलेलं एक वाक्य सोनोग्राफीनंतर ऐकू येतं, ‘पाणी जास्त आहे.’ गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचं बनलेलं असतं, आणि बाळ ते सतत गिळत असतं. दिवस भरत येतात तेव्हा रोज अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त. गिळण्याची वाट बंद झाली की पाणी साठत जातं, गर्भाशय ताणलं जातं आणि मुदतीआधीच कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. पाणी वाढण्याची इतर कारणंही आहेत, आईचा मधुमेह हे त्यातलं नेहमीचं. पण कारण सापडत नाही तोवर ‘थोडं जास्त आहे, बघू’ म्हणून थांबू नये. बाळाच्या पोटात पाण्याची पिशवी दिसते का, ते गिळतं का, तोंडात काही आहे का, हे त्याच वेळी पाहायला हवं. उलट, पाणी अगदी बेताचं आहे म्हणून तोंड मोकळं आहे असंही समजू नये. हिरडीवरची लहान गाठ गिळण्याच्या आड येत नाही.

सोनोग्राफीच्या पुढे एमआरआय येतो. पूर्वी बाळाच्या हालचालीमुळे चित्रं पुसट यायची. १९९० च्या दशकात काही सेकंदांत चित्र टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि गर्भाचा एमआरआय व्यवहारात आला. त्यात क्ष-किरण नसतात. गरोदरपणात गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात, आणि या कामाला त्याची गरजही नसते, कारण गर्भजल आपणहून उजळ दिसतं आणि घसा व श्वासनलिकेचा मार्ग त्यात रेखाटल्यासारखा उमटतो. गाठ मेंदूपर्यंत गेली आहे का, श्वासनलिका बाजूला सरकली आहे का, हे दोन निर्णायक प्रश्न एमआरआय सोनोग्राफीपेक्षा चांगले सोडवतो. अर्थात एमआरआय कुणाचा करायचा हे आधी सोनोग्राफीनेच ठरतं. म्हणून माझा भर महागड्या तपासणीवर नाही. साध्या तपासणीत नजर कुठे जाते यावर आहे.

ही नजर कधी जायला हवी, याबद्दल एक गैरसमज खोलवर रुजला आहे. पाचव्या महिन्याची मोठी सोनोग्राफी, म्हणजे १८ ते २० आठवड्यांची ॲनोमली स्कॅन, व्यवस्थित आली की घरचे निर्धास्त होतात. त्या तपासणीचं महत्त्व मोठं आहे, आणि वेगाने वाढणारा एपिग्नॅथस तेव्हा सापडूही शकतो. एप्युलिस मात्र बहुधा सातव्या महिन्यानंतरच दिसण्याइतका होतो. पाचव्या महिन्यात ती गाठ नव्हतीच, तर तेव्हाच्या डॉक्टरला दोष देता येत नाही. शेवटच्या तिमाहीत वाढ पाहण्यासाठी जी सोनोग्राफी होते तिच्यात डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजलं जातं, वजनाचा अंदाज घेतला जातो, पाणी आणि वारेची जागा पाहिली जाते. त्यात तोंडाचं एक चित्र घालायला किती वेळ लागेल? उशिराच्या तपासणीतून काय हाती लागू शकतं याचं उदाहरण महाराष्ट्राने २०२५ च्या सुरुवातीला पाहिलं. बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात सुमारे ३५ आठवड्यांच्या गर्भवतीची सोनोग्राफी करताना बाळाच्या पोटात दुसरा गर्भ असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. हा पाच लाखांत एखादा आढळणारा प्रकार. त्याचं नातं टेराटोमाशी जवळचं मानलं जातं. बाळंतपण नीट झालं आणि पुढची शस्त्रक्रिया अमरावतीत झाली. सरकारी रुग्णालय, साधं यंत्र, आठवा-नववा महिना आणि लक्ष देऊन पाहणारा डॉक्टर. दुर्मीळ गोष्टी फक्त मोठ्या शहरांतल्या मोठ्या यंत्रांनाच दिसतात, या समजाला याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

कळल्यानंतर काय करायचं, हा खरा प्रश्न. श्वासाचा मार्ग पूर्ण अडलेला असण्याची शक्यता असेल, तर एक्झिट नावाची पद्धत आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल हॅरिसन आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात गर्भावरच्या शस्त्रक्रिया करत असताना ती आकाराला आली. सिझर करून बाळाचं डोकं आणि खांदे तेवढे बाहेर काढायचे, नाळ कापायची नाही, गर्भाशय भुलीच्या औषधाने सैल ठेवायचं. वार जागेवर असते आणि आईचं रक्त बाळाला प्राणवायू देत राहतं. या उसन्या वेळात, जो अर्धा ते एक तास मिळू शकतो, डॉक्टर बाळाच्या घशात नळी घालतात. ते जमलं नाही तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिका मोकळी करतात. वाट मिळाल्यावरच नाळ कापायची. यात आईला रक्तस्रावाचा धोका असतो, दोन भूलतज्ज्ञ लागतात, शिवाय प्रसूतितज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ, कान-नाक-घशाचा सर्जन आणि बालशल्यविशारद एकाच खोलीत सज्ज असावे लागतात. असा संघ मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच जमतो. पण प्रत्येक गाठीला एक्झिट लागत नाही. हिरडीवर लटकणारी सुपारीएवढी गाठ असेल आणि नाकातून वाट मोकळी असेल, तर नेहमीचं बाळंतपण होऊ शकतं; फक्त त्या वेळी बाळाच्या घशात नळी घालू शकणारा डॉक्टर खोलीत हवा, आणि पुढच्या काही दिवसांत गाठ काढण्याची सोय हवी. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, त्यामुळे प्रसूती, बालरोग, भूल आणि कान-नाक-घसा हे विभाग एकाच संस्थेत येतात. कुणाला तिथे ठेवायचं आणि कुणाला पुण्या-मुंबईला पाठवायचं, हे आठ दिवस आधी ठरलं तर ते नियोजन. कळा सुरू झाल्यावर ठरलं तर ती धावपळ, आणि बाळ जन्मल्यावर ठरलं तर बहुधा उशीर झालेला असतो.

कोल्हापूरचा भूगोल आणि इथली रीत या बाबतीत विशेष विचारात घ्यावी लागते. पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर, मुंबई पावणेचारशेच्या पुढे. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरून आधी कोल्हापूर गाठायचं तेच पावसाळ्यात कठीण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस बंद पडला होता. जिच्या बाळाच्या तोंडात गाठ आहे आणि जिचे दिवस ऑगस्टमध्ये भरतात, तिला जुलैच्या सुरुवातीलाच पुण्याला नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवायला हवं. आणि दुसरी गोष्ट माहेराची. पहिल्या बाळंतपणाला सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते. नेमक्या ज्या काळात एप्युलिस दिसायला लागतो, त्याच काळात तिचं गाव बदलतं, डॉक्टर बदलतो, सोनोग्राफीचं केंद्र बदलतं. आधीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. नव्या डॉक्टरपुढे पाचव्या महिन्याची चित्रं नसतात, जुन्या डॉक्टरला आठव्या महिन्यात काय दिसलं ते कळत नाही. माहेरच्या मायेला पर्याय नाही, ती प्रथा मोडावी असं मी म्हणणार नाही. पण अशा निदानानंतर बाळंतपण माहेरी की सासरी हा वाद संपतो. ते जिथे नळी घालणारा हात आहे तिथे व्हायला हवं.

आता आक्षेप. पहिला असा की, लाखात एखाद्या बाळाला होणाऱ्या गोष्टीसाठी एवढा आटापिटा कशाला? महाराष्ट्रात वर्षाला सुमारे वीस लाख बाळं जन्मतात. वर दिलेल्या प्रमाणाने हिशेब केला तर एकट्या एपिग्नॅथसची दहा ते पन्नासाहून अधिक बाळं दरवर्षी या राज्यात होत असावीत; इतर गाठी वेगळ्या. पण माझं खरं उत्तर आकड्यांत नाही. या गाठींसाठी वेगळी तपासणी करावी असं कुणी म्हणत नाही. ओठ आणि टाळू दुभंगलेलं आहे का हे पाहण्यासाठी जे चित्र घ्यायचं असतं तेच हे चित्र, आणि दुभंगलेले ओठ किंवा टाळू हजार-दीड हजार बाळांमागे एकाला तरी असतं. त्या एका दृष्टिक्षेपात दुर्मीळ गाठही सापडते. एका पैशाचा जादा खर्च नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि कोल्हापूरने तो स्वतःच्या अनुभवातून मिळवलेला आहे. सोनोग्राफीच्या यंत्राने या जिल्ह्यात मुलींचा घात केला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या, राज्याची सरासरी ९१३ असताना. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं, तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. गर्भवतीच्या तपासणीचा एफ फॉर्म ऑनलाइन भरणं सक्तीचं झालं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. तो निर्णय योग्यच होता. तरीही, यंत्रावरचा संशय एवढा वाढू नये की जादा सोनोग्राफी म्हणजे पाप असं कुटुंबांना वाटावं, किंवा कागदपत्रांच्या भीतीने डॉक्टरांनी आवश्यक तपासणी टाळावी. १९९४ चा कायदा लिंग सांगायला बंदी करतो. जन्मजात दोष शोधायला त्याच कायद्यात स्पष्ट परवानगी आहे. आणि इथे मला एक काळजी मोकळेपणाने मांडायला हवी. एप्युलिस मुलींत जास्त असतो, ही माहिती पुस्तकात आहे, म्हणून घरात तर्क सुरू होऊ शकतो. निदान सातव्या महिन्यानंतर होत असल्याने गर्भपाताची भीती कमी असली, तरी ‘मुलगी, आणि तीही दोष असलेली’ म्हणून पुण्याला न्यायचा खर्च टाळला जाण्याची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय निदान लपवण्याचा नव्हे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, आजारी नवजाताचे उपचार आणि एका रुग्णालयातून दुसरीकडे नेणारी गाडी मोफत आहे. निदान सांगणाऱ्याने त्याच बैठकीत हे सांगितलं, तर पैशाची सबब उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आधी सांगून आईला दोन महिने चिंतेत का ठेवायचं? चिंता होणार, हे खरं. पण एप्युलिस असेल तर डॉक्टर ठामपणे सांगू शकतात की ही गाठ कर्करोगाची नाही, काढली की परत येत नाही, बाळ दूध पिऊ लागेल. ही माहिती बाळंतपणाच्या खोलीत अचानक दिसलेल्या मांसल गोळ्यापेक्षा नक्कीच कमी भयानक आहे. एपिग्नॅथस मेंदूपर्यंत पसरला असेल तर परिस्थिती वेगळी, आणि तिथे गोड बोलून भागत नाही. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने हृदयदोष असलेला गर्भ कायद्याची मुदत उलटल्यावर काढण्याची परवानगी मागितली होती, ती उच्च न्यायालयाने नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. तो निर्णय आईचा आहे. पण तिने तो ‘तोंडात गाठ’ या दोन शब्दांवर घेऊ नये. गाठ कुठली, कुठवर गेली, काढता येईल का, हे बालशल्यविशारदाकडून ऐकून घ्यावा. बरं होऊ शकणारं बाळ चुकीच्या नावाखाली गमावणं आणि न वाचणाऱ्या बाळासाठी आईचा जीव पणाला लावणं, हे दोन्ही नीट निदानानेच टळतं.

आणि दोष आईच्या माथी मारणं तर पूर्ण थांबायला हवं. बाळाच्या तोंडात काही निघालं की ग्रहणात विळी हातात घेतली होती का, काय खाल्लं होतं, अशी चौकशी आजही घराघरांत होते. या गाठींचा ग्रहणाशी, विळीशी किंवा आईच्या खाण्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक वेळा त्या एकाच बाळात उद्भवतात, घराण्यात चालत येत नाहीत, आणि पुढच्या बाळाला त्या होतील असं मानायला आधार नाही.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विनंती अशी, की शेवटच्या तिमाहीच्या प्रत्येक रिपोर्टात ओठ, हिरडी आणि तोंड यांबद्दल एक ओळ लिहावी, आणि पाणी वाढलेलं असेल तर ती ओळ लिहिल्याशिवाय रिपोर्ट देऊ नये. आणि वाचकांना सांगणं असं: मुलगी माहेरी येईल तेव्हा तिच्या बॅगेत पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चित्रांसकट आहे ना ते पाहा. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, तिथे तिला घेऊन जा. आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारा, ‘बाळाचं तोंड दिसलं का?’